रोज साडेपाचला आमच्या घरात वादळ येतं (मुलगा ९ वर्षं, एडीएचडी)

अबोली_नवी, ४ ऑगस्ट, रात्री १२.१०

इथे खूप वर्षं वाचतेय पण पाककृतींच्या बाहेर कधी लिहिलं नाही. नवीन आयडी काढलाय कारण जुना निम्म्या सासरला माहीत आहे, समजून घ्या.

आम्ही पुण्यात. मुलगा ९ वर्षांचा, चौथीत, घरी चिकू म्हणतो. धाकटी ५ वर्षांची. चिकूला दीड वर्षापूर्वी एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) सांगितलं. डॉक्टरांनी शाळेकडून वेगळे आणि आमच्याकडून वेगळे फॉर्म भरून घेतले, तीन वेळा भेटले, मग सांगितलं. खरं तर बालवाडीपासूनच दिसत होतं. डबा खाताना अर्ध्यातून उठून मैदानात, रांगेत उभा केला की पुढच्याला ढकल, गोष्ट सांगायला घेतली की दुसऱ्या वाक्याला हा खिडकीवर चढलेला. तेव्हा सगळे म्हणायचे मुलगा आहे, चालायचंच.

जूनपासून मेथिलफेनिडेट हे त्यावरचं औषध सुरू केलंय, सकाळी एक गोळी, शाळेचे तास पुरेल अशी. शाळेत फरक आहे हे वर्गशिक्षिका स्वतःहून म्हणाल्या, वहीत सलग अर्धं पान लिहिलेलं दिसलं आणि मी ते पान बघून रडले. पण घरी उलट वाढलंय. व्हॅन साडेचारला येते आणि साडेपाचच्या सुमारास कुठलंही कारण पुरतं, पेन्सिलचं टोक तुटलं, बहिणीने उशीला हात लावला, मी नुसतं 'चल रे' म्हटलं. मग किंचाळणं, दप्तर भिरकावणं, बहिणीला लाथ. गेल्या आठवड्यात स्टीलचा पेला फेकला तो माझ्या कपाळाला लागला, ऑफिसात सांगितलं कपाटाचं दार लागलं म्हणून. वीस-पंचवीस मिनिटं हे चालतं आणि मग तोच बाथरूममध्ये कडी लावून हमसून हमसून रडतो.

जुलैत शाळेच्या जिन्यात एकाला ढकललं, त्याच्या हनुवटीला तीन टाके. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आले. त्या आईने मला बसा म्हटलं नाही आणि मला त्यात तिचं काही चुकलं असं वाटत नाही. तेव्हापासून शाळेने 'दुसरी शाळा बघा, आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही' असं लावून धरलंय. शाळेचा नंबर मोबाईलवर दिसला की पोटात गोळा येतो.

सासूबाई रोज मीठमोहऱ्या उतरवून टाकतात, त्याचं मला काही नाही, पण 'गोळ्या देऊन पोराला बधिर करताय' हे रोज दोनदा. नवरा गप्प. दोन महिने झाले तो साडेआठच्या आत घरी आलेला नाही.

आणि परवा झोपताना चिकू म्हणाला, "मी नसतो तर तुम्हाला बरं झालं असतं ना?" मी काहीतरी बोलून दिवा घालवला. तेव्हापासून मला झोप नाही. काय विचारायचंय तेही नीट कळत नाहीये, पण कुणीतरी बोला.

ढोबळी_मिरची, ४ ऑगस्ट, रात्री १२.३५

अबोली, बाकी सगळं उद्या. आधी शेवटचं वाक्य. मूल असं बोललं की आपण घाबरून विषय बदलतो, मीही बदलला होता. पण उद्या निवांत वेळ बघून, शेजारी बसून, सरळ विचार. असं वाटतं तेव्हा स्वतःला काही करावंसं, मरावंसं वाटतं का? विचारल्याने डोक्यात नसलेलं भरतं हा गैरसमज आहे, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर काहीही येवो, पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळव. आणि गोळ्यांची पाकिटं, सगळ्यांची, आजींची बीपीचीसुद्धा, कुलपात ठेव.

रात्रीबेरात्री बोलायला कुणी हवं असेल तर १४४१६, टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. सरकारी आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट, मराठीत बोलतात. तूही तुझ्यासाठी फोन करू शकतेस, तो फक्त पेशंटसाठी नाही. तो 'करेन' असं म्हणाला किंवा काही करताना दिसला तर मात्र फोनबिन नाही, त्याला एकटं न सोडता सरळ हॉस्पिटल.

सांगलीचा_नाना, ४ ऑगस्ट, सकाळी ७.०५

स्पष्ट बोलतो राग मानू नका. आईवर पेला फेकतो आणि आपण त्याला आजार म्हणायचं? आमच्या वेळी दोन फटके बसले असते आणि विषय संपला असता. आम्ही पाच भावंडं, कुणाला एडीएचडी फेडीएचडी नव्हता. हल्ली लाड जास्त झालेत.

फक्त_वाचक, ४ ऑगस्ट, सकाळी ७.४०

मोबाईल बंद करा. सगळं ठीक होईल.

घाटमाथा, ४ ऑगस्ट, सकाळी ९.२०

नाना, तुमच्या त्या दोन फटक्यांतला मी. दोन नाही हो, हिशेब ठेवला नाही पण पट्टी, छडी, चप्पल, एकदा पप्पांचा पट्टा. सातारा जिल्ह्यातलं गाव, मी १९८९ चा. पुस्तक वर्गात विसरलो की मार, परत आणायला गेलो आणि वाटेत बेडूक दिसला म्हणून पुस्तक पुन्हा विसरलो की परत मार. मार खाऊन मी पुस्तक विसरायचा थांबलो नाही, पुस्तक विसरल्यावर खोटं बोलायला शिकलो. नववीत घरातून पळालो, कऱ्हाड स्टँडवर रात्र काढली. निदान झालं ३१ व्या वर्षी, तेही बायकोच्या आग्रहाने. डॉक्टरांनी लहानपणाबद्दल विचारलं तेव्हा आईला फोन लावला, ती म्हणाली "बाळा आम्हाला वाटायचं तू मुद्दाम करतोस" आणि रडायला लागली.

अबोली, तुमचा मुलगा नंतर बाथरूममध्ये रडतो ना, ते मला माहितीये कसं असतं. आतून बघत असतो आपण, आपला हात पेला उचलतोय, आणि थांबवता येत नाही. मग सगळे जण आपल्याकडे बघतात. मला तेव्हा एवढंच हवं असायचं की कुणी दाराबाहेर बसावं, काही न बोलता.

सांगलीचा_नाना, ४ ऑगस्ट, सकाळी ११.५०

घाटमाथा, वाचलं. आमच्यात तिसरा भाऊ होता, त्याने शाळा पाचवीत सोडली. वडिलांनी त्याला फार मारलं होतं. तो नंतर ट्रकवर क्लिनर म्हणून गेला. बघतो विचार करून.

पमाकाकू, ४ ऑगस्ट, दुपारी ३.१५

मी जिल्हा परिषद शाळेत ३२ वर्षं शिकवलं, आता निवृत्त. आमच्याकडे पटावर ५०-६० मुलं आणि एक बाई, तुमच्या शाळेने 'सोय नाही' म्हणणं मला जरा गमतीचंच वाटतं. मला तेव्हा एडीएचडी शब्द माहीत नव्हता पण प्रत्येक वर्गात एक तरी असायचाच. त्याला मी पहिल्या बाकावर माझ्या समोर, दारापासून आणि खिडकीपासून लांब बसवायची आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी काम सांगायची. खडू आण, फळा पूस, हजेरीचं पुस्तक हेडसरांकडे देऊन ये. उठायचं तर त्याला असायचंच, मग परवानगीने उठू दे ना. दहा गणितं द्यायची तर पाचच द्यायची, झाली की पुढची पाच. एवढ्यावर निभायचं का? नाही निभायचं रोज. पण शिक्षिकेला काय मागायचं हे तरी कळेल तुम्हाला. 'माझ्या मुलाला सांभाळून घ्या' म्हणून जाऊ नका, त्याने काही होत नाही. या तीन गोष्टी करा म्हणून जा. डॉक्टरांकडून त्याच तीन गोष्टी लेटरहेडवर लिहून घ्या.

आणि हो, जिन्याचं. सुटी व्हायच्या दोन मिनिटं आधी त्याला खाली सोडा म्हणावं, गर्दीत अशी मुलं हमखास भांडतात.

कायद्याचं_बोला, ४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०

शाळा काढून टाकायची धमकी देत असेल तर: शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी-आठवीला नापास करायची मुभा राज्यांना मिळाली, काढून टाकायची नाही. कलम १७ खाली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी. एक मेख आहे, अल्पसंख्याक संस्थेची शाळा असेल तर २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हा कायदा तिला लागू होत नाही, ते आधी तपासा.

पण लगेच नोटिशीची भाषा नको. शाळा तोंडी बोलतेय, तुम्ही लेखी बोला. 'आपण आज फोनवर दुसरी शाळा बघण्यास सांगितलेत, कृपया कारण लेखी द्यावे' एवढाच ईमेल. निम्म्या शाळा तिथेच गप्प होतात. दाखल्यासाठी अर्ज तुमच्या सहीने जाऊ देऊ नका, कारण मग कागदावर तुम्हीच मूल काढून नेलेलं असतं.

पाटीपेन्सिल, ५ ऑगस्ट, सकाळी १०.००

मी बालसमुपदेशनात काम करते, पण इथे चिकूला न बघता बोलतेय हे धरून वाचा.

तुम्ही लिहिलंय कुठलंही कारण पुरतं. म्हणजे कारण ते नव्हेच, पेन्सिल नाही आणि उशीही नाही. साडेपाचच्या आधीचा एक तास बघा. वही घाला, चार रकाने: किती वाजता, त्याच्या आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. दोन आठवडे. नंतर आपण काय केलं हा रकाना सगळ्यात कडू असतो, तो गाळू नका.

का ते सांगते. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी लोकांच्या घरात जाऊन हेच बघितलं. आपल्या भाषेत असं: मोबाईल दे. नाही. दे ना. नाही म्हटलं ना. किंचाळला. घे बाबा एकदाचा! पोराला मोबाईल मिळाला, आईला शांतता मिळाली, दोघांनाही बक्षीस. पुढच्या वेळी पोरगं थेट किंचाळण्यापासून सुरुवात करतं आणि आई थेट ओरडण्यापासून. यात कुणी वाईट नाही, दोघं एकमेकांना शिकवतायत फक्त. आणि चार वेळा नाही म्हणून पाचव्यांदा दिलं तर आपण शिकवतो की पाच वेळा ओरडावं लागतं.

म्हणून जे द्यायचं नाही ते मेलं तरी द्यायचं नाही आणि जे द्यायचंच आहे ते पहिल्यांदाच देऊन टाकायचं. आणि ऐका, कुरकुर, आदळआपट याकडे दुर्लक्ष करायला लागलात की पहिले काही दिवस ते वाढतं. लोक तिथेच सोडतात. मारणं-फेकणं मात्र दुर्लक्ष करण्यातलं नाही. तेव्हा आधी धाकटीला दुसऱ्या खोलीत, मग कमीत कमी शब्द, 'मारायचं नाही. मी इथे आहे.' बस. त्या वेळी समजावून सांगितलेलं एक अक्षर आत जात नाही, समजावणं दुसऱ्या दिवशी.

गोळी की वागणुकीचं प्रशिक्षण यावर पुढे वाद होणारच म्हणून सांगून ठेवते. १९९९ साली अमेरिकेत एमटीए नावाचा मोठा अभ्यास आला, ५७९ मुलं, सगळी ७ ते ९ वर्षांची, म्हणजे चिकूच्याच वयाची. चंचलपणा आणि लक्ष यावर नीट देखरेखीखाली दिलेलं औषध जास्त चाललं. पण औषधाच्या जोडीला आईवडील आणि शाळा यांच्यासोबत काम केलेल्या मुलांना डोस कमी लागला आणि घरातली भांडणं, आईवडिलांशी नातं इथे जोडीचा जास्त उपयोग दिसला. म्हणजे सासूबाईंना सांगायला एवढं की गोळी बधिर करण्यासाठी नसते. मूल सुस्त, हरवल्यासारखं, डोळ्यांतलं पाणी गेल्यासारखं वाटलं तर ते डोस जास्त झाल्याचं लक्षण असू शकतं आणि ते डॉक्टरांना सांगायचंच.

अजून एक, वय. २००७ च्या एका अमेरिकन अभ्यासात मेंदूचे स्कॅन करून बघितलं तर अशा मुलांचं मेंदूचं आवरण त्याच क्रमाने वाढतं पण सरासरी तीन वर्षं उशिरा. चिकूकडे नऊ वर्षांचा म्हणून बघताना कधी कधी सहा वर्षांचा म्हणून बघा, धाकटीला जे सांगाल ते त्याला सांगा. याने तो चिडणार नाही, बहुतेक आवडेलच.

बे_एरियाची_माई, ५ ऑगस्ट, रात्री ९.४५

माझी मुलगी आता १४. आम्हीही साडेपाचच्या वादळातून गेलोय, आमचं चारला यायचं. दिवसभराची गोळी उतरते त्या वेळी चिडचिड उसळते, डॉक्टर रिबाउंड म्हणतात. शिवाय दिवसभर शाळेत मुठी आवळून शहाण्यासारखं वागलेलं असतं, ते सगळं घरी सुटतं. माझी आई म्हणायची 'तुझ्याच समोर कशी करते गं', मला ते टोमण्यासारखं लागायचं. नंतर कळलं की माझ्यासमोर करते कारण मी सोडून जाणार नाही एवढा तिला भरवसा आहे. आमच्या डॉक्टरांनी वेळ आणि प्रकार बदलून बघितला. तुमच्या डॉक्टरांना घड्याळाची वेळ सांगा, 'संध्याकाळी चिडतो' नको, साडेपाच सांगा.

अमेरिकेत छान सोय असते असं कुणी म्हणायच्या आत, इथे कागद मिळतो हे खरं. १९७३ च्या कायद्यातल्या ५०४ कलमावरून त्याला ५०४ प्लॅन म्हणतात. पुढे बसवा, जादा वेळ द्या, मधून उठू द्या, सगळं लिहून देते शाळा. म्हणजे पमाकाकूंची खडू-डस्टरची युक्तीच, चार पानांत. पण तो मिळवायला मला सहा ईमेल आणि दोन रडारडी लागल्या आणि थेरपिस्टच्या यादीत पाच महिने थांबलो.

चहाटळ_बाप, ६ ऑगस्ट, रात्री ११.१५

साडेआठला घरी येणारा नवरा. ताई, मी तो होतो. ऑफिसात काम नसायचं. पार्किंगमध्ये गाडीत बसून मोबाईल बघायचो. वर गेलो की मुलगा ओरडत असणार, बायको माझ्याकडे बघणार आणि मला काय करायचं ते ठाऊक नसणार. पुरुषाला 'मला माहीत नाही' म्हणता येत नाही म्हणून तो उशिरा येतो. डॉक्टरांकडे कायम बायकोच जायची आणि मला घरी येऊन रिपोर्ट द्यायची, त्यात चिडून सांगायची, मी चिडून ऐकायचो. मग डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं पुढच्या वेळी एकट्या वडिलांनी मुलाला घेऊन यायचं. तिथे अर्धा तास मला प्रश्न विचारले, त्याच्या वर्गातल्या मित्राचं नाव काय, एकही येईना. लाज वाटली. त्या दिवसापासून आंघोळ-शाळेची तयारी माझ्याकडे. अजून ओरडतो मी. पण पार्किंगमध्ये बसत नाही.

अबोली_नवी, १९ ऑगस्ट, रात्री ११.५५

सगळ्यांचे आभार मानायला जागा पुरणार नाही म्हणून कामाचं लिहिते.

ढोबळी, विचारलं. म्हणाला, "मरायचं नाही गं, पण मी सारखा सॉरी म्हणतो आणि परत करतो, मग माझा कंटाळा येत असेल ना तुम्हाला." मी हो म्हटलं! कधी कधी ओरडण्याचा कंटाळा येतो, तुझा नाही येत. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला बरं. डॉक्टरांना दुसऱ्याच दिवशी फोन केला, त्यांनी आठवड्यात बोलावलं, त्याच्याशी एकट्याशी बोलल्या. आता समुपदेशनही चालू केलंय, शनिवारी. हे त्याचं मनाचं चालू राहणार, एका भेटीत संपत नाही म्हणाल्या.

आता वही. १२ दिवस लिहिली. १२ पैकी ९ दिवस वादळ. पाटीपेन्सिलताईंनी सांगितलेल्या चार रकान्यांत काहीच दिसेना, मग वैतागून मी पाचवा रकाना डब्याचा काढला कारण डबा रोज जड परत येतो म्हणून माझी वेगळीच चिडचिड असते. आणि बघते तर ज्या ९ दिवशी वादळ त्या नऊही दिवशी डबा जसाच्या तसा. सकाळी सातला अर्धा कप दूध आणि एक बिस्कीट, मग थेट साडेचार! गोळीने भूक मरते हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं, मी वजनाच्या काळजीत होते, बाकी काही डोक्यात आलं नाही. साडेचारला घरी आला की मी काय विचारते? 'डबा का नाही खाल्लास?' मग हातपाय धू, मग अभ्यास. उपाशी पोराला तासभर प्रश्न विचारायचे आणि साडेपाचला पेला आला की नवल करायचं. कपाळावरची खूण अजून आहे माझ्या.

डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी गोळीच्या आधी पोटभर खायला द्यायला सांगितलं, म्हणजे सकाळी सहालाच मऊभात-तूप किंवा अंडं, वजन-उंची दर भेटीला लिहायची, आणि गोळीचं काही बदललंय ते त्यांचं त्या ठरवतील, इथे लिहीत नाही कारण कुणी बघून आपल्या मुलाला देईल.

पाटीपेन्सिल, २० ऑगस्ट, सकाळी ८.३०

पाचवा रकाना मी आता सगळ्यांना सांगणार. बाकी डोस इथे लिहिला नाहीत ते फार बरं केलंत.

कायद्याचं_बोला, २० ऑगस्ट, सकाळी ११.१०

ईमेलला शाळेचं उत्तर आलं का?

अबोली_नवी, २० ऑगस्ट, दुपारी १.२०

आलं. 'तसं काही म्हटलेलं नाही, पालकांचा गैरसमज झाला' असं. सुटीच्या दोन मिनिटं आधी सोडायला मात्र तयार झाले. पहिला बाक दिलाय. खडू-डस्टर नाही म्हणाले, स्मार्टबोर्ड आहे. 🙂

मधली_सुट्टी, २१ ऑगस्ट, रात्री १०.३०

गणितात वा वाचनात फारच मागे असेल तर अध्ययन अक्षमतेची चाचणीही करून घ्या, एडीएचडीबरोबर ती बऱ्याचदा असते. आम्ही सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या क्लिनिकमध्ये गेलो होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी वेगळं लिहिलेलं नाही, त्यामुळे पुढे दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी ते प्रमाणपत्र लागतं. विम्याचं म्हणाल तर २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारालाही इतर आजारांसारखाच विमा द्यायला सांगितलंय, पण आमची पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावरच पैसे देते आणि आपला सगळा खर्च दर आठवड्याच्या फीचा, म्हणजे खिशातूनच.

धाकटी_पाती, २३ ऑगस्ट, रात्री १२.४०

इतके प्रतिसाद आले आणि पाच वर्षांच्या मुलीबद्दल दोन ओळी. मी ती मुलगी. माझा दादा चिकूसारखा, आज आमचं छान आहे, पण लहानपणी मला रोज एक वाक्य ऐकायला लागायचं, 'तू समजूतदार आहेस ना?' सहा वर्षांच्या मुलीला समजूतदार व्हायचं नसतं. मी आजारी पडले तरी सांगायची नाही, चित्रकलेचं बक्षीस दप्तरातच ठेवलं होतं चार दिवस, कारण त्या दिवशी दादाचा शाळेत राडा झाला होता. तिने लाथ खाल्ली तर तिला 'त्याला कळत नाही गं' सांगू नका. लागलं का विचारा आधी. आणि तिच्या वस्तूंना एक कुलूपवालं छोटं कपाट द्या, किल्ली तिच्याकडे. माझी कुलुपाची पेटी आईने तिसरीत आणली, मला ती दुकानासकट आठवते.

अबोली_नवी, २३ ऑगस्ट, सकाळी ६.१५

धाकटी_पाती, हे वाचून मी तिला झोपेतून उठवून जवळ घेतलं, ती वैतागली. कपाट आज आणते.

अबोली_नवी, २१ सप्टेंबर, रात्री ११.३०

गणपतीला चिपळूणला गेलो होतो. घरात २६ माणसं, रात्री आरत्या, झांजा, जेवणं दुपारी तीनला. पहिल्या दोन दिवसांत तीन वादळं, त्यातलं एक भर आरतीत, ताम्हन उलटं. आत्याबाई म्हणाल्या आम्ही नाही का वाढवली पोरं. मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "त्याला भूक लागली असेल, सकाळपासून काही पोटात नाही त्याच्या, आधी त्याला वाढा, देव थांबेल." मी ताम्हन उचलत होते, तशीच बसले. गोळ्यांना अजून त्या नावंच ठेवतात हां, पण डबा परत आला की आता त्याच उघडून बघतात.

तिसऱ्या दिवसापासून त्याला झांजा वाजायच्या वेळी नवऱ्याने विहिरीवर न्यायला सुरुवात केली, दोघं तिथे खेकडे बघत बसायचे. नवरा आता सातला येतो, रोज नाही, आठवड्यातून तीनदा. पार्किंगबद्दल मी त्याला विचारलं नाही.

वहीप्रमाणे: सप्टेंबरचे आजवरचे २१ दिवस, वादळं ८. फेकाफेक दोनदा. त्या हनुवटीवाल्या मुलाच्या आईशी अजून बोलणं नाही, शाळेच्या गेटवर ती मान वळवते. अध्ययन अक्षमतेची चाचणी पुढच्या महिन्यात आहे. आणि काल सायंकाळी सगळं जेवून, झोप झालेली असताना, काहीच कारण नसताना पुस्तकं फाडली, म्हणजे सगळंच काही भुकेचं नाही, हे मला कळतंय.

एक प्रश्न आहे. साडेचारला व्हॅनमधून उतरल्या उतरल्या, जिना चढायच्या आत हातात द्यायला काय द्यावं? लाडू खाऊन कंटाळला, केळं दिलं तर साल फेकतो.

सांगलीचा_नाना, २२ सप्टेंबर, सकाळी ६.५०

बेदाणे द्या. आमच्या तासगावचे, घरचे आहेत. मूठभर खिशात घातले तर एकेक खात वर जाईल. दोन किलो कुरिअर करतो, पत्ता कळवा. आणि त्या दिवशी फटक्यांचं बोललो ते.. राहू द्या.

अबोली_नवी, २२ सप्टेंबर, सकाळी ७.१०

नाना, पत्ता व्यनि (खाजगी निरोप) केलाय. फक्त बियांचे नकोत, बी दाताखाली आली की आमचं जिन्यातच सुरू होईल.